दुपारची पाळी

१

मी अमरावतीच्या कापूस बाजारात मापारी होतो. गाडीवानानं ओझं टाकलं की काटा थिरावायची वाट पाहायची, आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं, एवढंच काम. अठरा वर्षं केलं. काटा हलत असताना बोलायचं नाही, ही सवय त्यातून लागली. पुढं जे सांगतो त्यातलं बरंचसं हलत्या काट्याचं आहे, म्हणून इतकी वर्षं बोललो नव्हतो.

सन अठराशे पासष्टचा माघ महिना. अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि आमच्याकडं गाड्यांची रांग वेशीबाहेर कोसभर लागत होती. घरात मी आणि माझी थोरली बहीण रुख्मिणी असे दोघंच. मी तिला बाई म्हणे. ती विधवा होती. चाळिशीतच तिचे केस सगळे पांढरे झाले होते. मागच्या पडवीत बसून ती हातरेच्यावर कापसातली सरकी वेगळी करी. सरकी साठवायला पडवीला लागून एक कोठडी होती. मातीच्या भिंती, एक दार, आणि दक्षिणेला छपराखाली हातभर झरोका.

एका सकाळी करीमचाचा आले. कापूस खरेदी करणाऱ्या एका साहेबाच्या बंगल्यावर ते खानसामा होते. डोक्याचा फेटा सोडून त्यांनी हातात धरला होता. फेट्याच्या घडीत एक अंडं होतं. कोंबडीच्या अंड्याच्या दीडपट मोठं, पिवळट, वर तपकिरी ठिपके.

"पेरूचं आहे," ते म्हणाले.

साहेबानं मुंबईहून तो मोठा विलायती पक्षी आणवला होता. साहेब त्याला टर्की म्हणे, चाचा पेरू म्हणत. जोडी होती. नर नाताळात कापला गेला. मादी अंड्यावर बसली होती आणि साहेब मुंबईला जाताना सांगून गेला होता, परत येईन तेव्हा पिल्लं दिसली पाहिजेत.

"रात्री कोल्ह्यानं मादी नेली. बाकी अंडी फोडली. मी झोपून राहिलो होतो, देवीदास." चाचांनी खाली पाहिलं. "एक पिल्लू जरी दाखवलं तं साहेब ठेवून घेईन. नाही तं या वयात मले कोण ठेवते?"

"एखाद्या खुडूक कोंबडीखाली ठेवा ना," मी म्हणालो.

"कोंबड्या हायेत कुठं? मागच्या महिन्यात मर आली. साऱ्या गावात एक खुडूक भेटली नाही. तुमच्या घरी सरकी असते. वल्या सरकीत हात घातला का चटका बसते, तूच सांगतलं होतं."

मी नाही म्हणणार होतो. पण बाईनं पुढं येऊन पदर पसरला आणि अंडं घेतलं.

त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी अकोटहून येताना तिचा नवरा वाटेत पटकीनं गेला. गाडीवान प्रेत टाकून पळाला. त्या रस्त्यानं साहेबाची रिकामी गाडी घेऊन करीमचाचा येत होते. त्यांनी प्रेत गाडीत घातलं आणि बाईसोबत स्मशानघाटापर्यंत पायी चालत गेले.

२

साहेबाच्या बाटल्यांची एक लाकडी पेटी चाचांनी आणून दिली. तळाला ओली सरकी, तिच्यावर कोरडी सरकी, तिच्यावर सरकी काढलेल्या रुईचा थर, रुईत खळगा, खळग्यात अंडं. वरून वाकळ. कोपऱ्यात गरम पाण्याचा तांब्या. पेटी कोठडीतल्या सरकीच्या ढिगावरच ठेवली.

चाचांनी नियम सांगितले. अठ्ठावीस दिवस. बोटं बुडवून पाण्याचे चार थेंब रोज शिंपडायचे. ऊब बरोबर आहे का ते अंडं डोळ्याच्या पापणीला लावून पाहायचं. हाताला कळत नाही, पापणीला कळतं. आणि दिवसातून तीनदा फिरवायचं.

"तीनदाच. दोनदा फिरवलं तं रोज रात्री एकाच कुशीवर राह्यते. पिल्लू कवचाले चिकटून मरते."

फिरवलेलं कळावं म्हणून मी अंड्याच्या एका अंगाला काजळाची फुली केली, दुसऱ्या अंगाला गेरूचा ठिपका. सकाळी बाजारात जाण्याआधी मी फिरवायचो. संध्याकाळी दिवा लावायच्या आत बाई फिरवायची. दुपारी मी भाकरी खायला घरी येई, तेव्हा बाई रुई पोचवायला गेलेली असे. मी गेल्यावर ती परते. दुपारी कोण फिरवणार हे आमच्यात कधी बोलणंच झालं नाही.

पण काम बरोबर चाललं होतं. सकाळी पाहावं तर एक दिवस फुली वर, दुसऱ्या दिवशी ठिपका वर. तीनदा फिरलं तरच असं होतं. मला बाईचं कौतुक वाटे. दमून येऊनही विसरत नाही, असं मनात येई.

३

माघी अमावास्येला बाजार बंद होता. अंड्याचा दहावा दिवस. आत जीव आहे की नाही हे उजेडावर धरून कळतं, असं चाचांनी सांगितलं होतं. दुपारी झरोक्यातून कोठडीत कवडसा पडतो, म्हणून आम्ही दोघं तेव्हाच आत गेलो. दार लावून घेतलं. अंधारात तो एक उजेडाचा खांब, त्यात रुईचे तंतू तरंगत होते.

बाईनं वाकळ काढली. मी अंडं उचलून कवडशात धरलं. आत लालसर उजेड भरला, आणि मधोमध एक काळा ठिपका, त्याच्यापासून चारी बाजूंना गेलेल्या बारीक शिरा. ठिपका हलत होता.

"जितं हाय," बाई म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

अंडं परत ठेवताना माझं लक्ष खुणेकडं गेलं. सकाळी मी फुली वर करून ठेवली होती. आत्ता उचललं तेव्हा ठिपका वर होता.

"आज लवकरच फिरवलं तू," मी म्हणालो.

"कोन?"

"तू. दुपारचं."

"मी काहून फिरवीन? दुपारचं तं तूच फिरवतोस ना?"

आम्ही दोघं त्या कवडशाच्या दोन बाजूंना उभे होतो. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"मी एकदाही फिरवलं नाही, बाई."

तिनं वाकळ नीट पसरली, कडा दाबल्या, आणि म्हणाली, "चाल बाहेर."

४

मी माझ्या परीनं विचार केला. उंदीर. पण उंदरानं अंडं फोडलं असतं. आतलं पिल्लू हलतं, त्यानं अंडं कलंडत असेल. पण कलंडलेलं अंडं अर्धवट राहिलं असतं. हे नेमकं उलटलेलं असे, खूण बरोबर वर. राहता राहिले चाचा. बंगला कांपात, म्हणजे साहेबांच्या छावणीत होता, कोसभर दूर. तरी मी जाऊन विचारलं. ते नाही म्हणाले, आणि माझ्याकडं असे पाहू लागले की मीच विषय बदलला.

मी बाजारातून कुलूप आणलं. किल्ली करगोट्याला बांधली. दुपारी घरी येऊन कुलूप पाहायचो. जसंच्या तसं. संध्याकाळी बाईला उघडून द्यायचो. अंडं फिरलेलं असे.

झरोका मी मोजून पाहिला. मांजर येऊ शकलं असतं. माणूस नाही.

चौदाव्या दिवशी बाईला खळग्यात केस सापडले. लांब, काळे, मुळासकट उपटलेले. रुईत केस सापडणं नवीन नाही. रेच्यावर बसणाऱ्या बायांचे केस कापसात जातात, काट्यावर मी रोज पाहत असे. मी तसं बोलूनही दाखवलं. पण हे केस विखुरलेले नव्हते. अंड्याभोवती गोल फिरवून दाबून बसवले होते.

"चाचा म्हणत होते," बाई म्हणाली, "मादी बसली का पोटाचे पिसं उपटून खाली घालते. अंड्याले अंगाची ऊब लागावी म्हणून."

"हे पिसं नाहीत."

"नाहीत," ती म्हणाली. तिनं केस काढले नाहीत.

त्याच आठवड्यात ती तापानं दोन दिवस पडून होती. मी तिच्या उशाशीच होतो; कोठडीचं कुलूप उघडलंच नाही, गरम पाणी ठेवायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी मी धावत जाऊन पाहिलं. तांब्या गार. तळाची सरकीही वाळून गार पडली होती. अंडं पापणीला लावलं. ते माझ्या पापणीपेक्षा ऊन होतं.

५

होळीला बाजार पुन्हा बंद. पंचविसावा दिवस. गल्लीत पोरं गोवऱ्या गोळा करत होती, ओरडत होती. दुपार होताच मी पडवीत कोठडीच्या दाराला पाठ लावून बसलो. बाई समोर रेच्यापाशी होती, पण रेचा बंद ठेवला होता.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा आत सरकी वाजली.

सरकीच्या ढिगावर कोणी चढलं की जो कुरकुर आवाज होतो तो. आधी एक गुडघा, मग दुसरा. मग सगळं वजन खाली बसलं. मी आयुष्यभर वजनं ऐकली आहेत. ओझं पडलं की किती आहे ते काट्याआधी कानाला कळतं. ते पक्ष्याचं वजन नव्हतं. मांजराचंही नव्हतं. दीड मण तरी असावं, एका माणसाएवढं.

मग एक बारीक गुणगुण सुरू झाली. गळ्यातल्या गळ्यात, चाल नसलेली. मध्येच ती थांबे. थांबली की अंड्यातून चिवचिव ऐकू येई. मग पुन्हा गुणगुण.

मी बाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. तिलाही ऐकू येत होतं.

मी कुलूप काढलं. किल्ली लागायला वेळ गेला. दार उघडलं तेव्हा आत कोणी नव्हतं. वाकळ बाजूला घडी करून ठेवली होती. पेटीच्या दोन्ही अंगांना सरकीत दोन खोल खळगे होते, गुडघे टेकल्यासारखे. मी एकात हात ठेवला. तो ऊन होता.

"मी हे अंडं नेऊन फेकतो," मी बाहेर येऊन म्हणालो.

"फेकू नको."

"बाई, आत काय आहे ते तुला माहीत आहे?"

"नाही. तुले हाय?" ती शांतपणं बोलत होती. "जे हाय ते अंड्याचं वाईट करून नाही राहिलं. माह्या तापात त्यानंच जगवलं. तीन दिवस राह्यले. चाचाचा विचार कर."

"अन् तीन दिवसांनी?"

"तीन दिवसांनी पिल्लू चाचाले देऊ. मंग त्याचं इथं काय काम?"

तिचं म्हणणं हिशेबशीर होतं. आम्ही दोघांनी ते धरून चालायचं ठरवलं.

६

अठ्ठाविसाव्या दिवशी मी बाजारात गेलो नाही. सकाळी अंड्याला चीर पडलेली होती, बारीक, नखाएवढी. करीमचाचा आले, पडवीत बसले. बाईनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, मीही नाही.

दुपारी गुणगुण सुरू झाली तेव्हा चाचांनी मान वर केली. पन्नास वर्षं पाखरांत गेलेला माणूस. बराच वेळ ऐकून ते हळूच म्हणाले, "पिल्लाले बोलावून राहिली. पण ही पाखराची हाक नोहे. आत कोन बसवली तुमी?"

बाईनं त्यांचा हात दाबला.

दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. इतके दिवस मी तिथं डोळा लावला नव्हता. त्या दिवशी लावला.

कवडसा पेटीवर पडला होता. त्याच्या बाहेरचं काही दिसत नव्हतं. अंधारातून एक हात उजेडात आला. बाईचा हात. म्हणजे हुबेहूब तसा, रेच्याच्या दांड्यानं घट्टे पडलेला. बाई माझ्या मागं उभी होती, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. त्या हातानं तांब्यात बोटं बुडवली, चार थेंब शिंपडले. मग अंडं उचललं. फार जपून उचललं. आणि ऊब पाहायला चेहऱ्याशी नेलं.

चेहरा उजेडात आला नाही, फक्त डोळ्याजवळचा भाग आला. अंडं टेकताना तो डोळा मिटला. माणसाची पापणी वरून खाली येते. ही खालून वर गेली.

मी फटीपासून बाजूला झालो. "काय दिसलं?" बाईनं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही. अंधार आहे."

आतली गुणगुण थांबली तेव्हा आम्ही दार उघडलं. पेटीत कवचाचे दोन तुकडे होते, आणि ओलं, लांब मानेचं एक पिल्लू पायावर उभं होतं. चाचा त्याला उचलायला वाकले. ते त्यांच्याकडं वळलं नाही, बाईकडंही नाही. कोपऱ्यातल्या रिकाम्या ढिगाकडं तोंड करून ओरडत राहिलं. चाचांनी त्याला टोपलीत घालून नेलं तेव्हा ते गल्लीच्या टोकापर्यंत तसंच ओरडत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोठडीत जाऊन बसलो. सरकी वाजली नाही. त्यानंतर कधीच वाजली नाही. बाई म्हणाली होती तसं झालं, असं आम्ही धरलं.

७

त्या उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव कोसळले. साहेब मुंबईहून आला तो सामान बांधायलाच. मादी कुठं गेली हेही त्यानं विचारलं नाही. महिनाभरात बंगल्याला कुलूप लागलं. करीमचाचा पक्षी घेऊन अकोल्याला गेले. तिथं जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं, त्यांच्या वडिलांची एक खोली आणि अंगण होतं.

तीन वर्षं गाठ पडली नाही. मग नात्यातल्या एका लग्नासाठी मी आणि बाई बडनेऱ्याहून रेल्वेनं अकोल्याला गेलो. चाचांना भेटून यावं असं बाईनंच काढलं. गल्ल्यांमधून विचारत विचारत पोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं.

अंगण शेणानं सारवलेलं, स्वच्छ. मधोमध तो पक्षी उभा होता, गुडघ्याच्या वर उंच, गळ्याला लोंबती लाल कातडी. चाचा बाजेवर बसले होते. आवाजाच्या दिशेनं त्यांनी मान वळवली. डोळ्यांवर पांढरी साय आली होती.

"कोन?"

"मी देवीदास, अमरावतीचा."

ते चाचपडत उठले, माझे खांदे धरले. फार आनंद झाला त्यांना. चेहरा भरलेला होता, कपडे धुतलेले. बाई माझ्या शेजारी, चपला काढत होती. ती अजून बोलली नव्हती.

"येनार येनार म्हनून कालच बोलत होतो मी तिच्याजवळ," चाचा म्हणाले. "लई उपकार हायेत रे बेटीचे. डोळे गेले तवापासून तीच करते सारं. अंगन सारवते, भाकर टाकते. रोज दुपारी येते. पाखराजवळ बसते घडीभर. बोलत नाही फारशी, पह्यलेपासूनच कमी बोलते ना ती."

"कोण, चाचा?" मी विचारलं.

"कोन म्हंजे? तुझी बाई. रुख्मिणी." ते हसले. "इथंच कुठं राह्यते म्हने आता. तुले सांगतलं नाही का तिनं?"

बाईच्या हातात एक चप्पल तशीच राहिली. तिनं ती खाली ठेवली नाही.

पक्षी अंगण ओलांडून खोलीच्या उघड्या दारापाशी गेला आणि आतल्या अंधाराकडं मान लांब करून उभा राहिला.

"आताच आली," चाचा म्हणाले, आणि दाराकडं वळून त्यांनी हाक मारली. "बेटी, भाहेर ये. पाह्य कोन आलं."

आत जमिनीवरून कोणी उठल्याचा आवाज झाला. आधी एक गुडघा, मग दुसरा.

"आली, चाचा," आतून उत्तर आलं.

तो आवाज मी जन्मल्यापासून ऐकत आलो होतो. मी शेजारी पाहिलं. बाईचे ओठ मिटलेले होते. तिनं माझा दंड धरला, आणि आम्ही दाराकडं पाठ न करता, एकेक पाऊल मागं टाकत अंगणाबाहेर आलो. चाचांना ते कळलं नाही. ते खोलीकडं तोंड करून, हसत, दोन्ही हात थोडे पुढं करून उभे होते.